आप्पांची पट्टी आणि माझं तोंड

गाडी तापून रस्त्यात उभी राहिली की आमच्याकडं दोन मिनिटांत चार तज्ज्ञ गोळा होतात, आणि चौघांत मिळून रेडिएटरचं झाकण कुठल्या बाजूला फिरतं एवढंही कुणाला ठाऊक नसतं. माझी गाडी शाहूवाडीकडच्या एका लग्नाहून परत येताना तापली. बोनेटखालून वाफ यायला लागली तशी मी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. पहिला आला त्यानं इंजिनाकडं बघितलंच नाही. गाडीत वाकून बघितलं आणि मला विचारलं, "पावणं न्हाईत व्हय संगं?" पावणं म्हणजे माझा नवरा. मी लग्नच केलेलं नाही, तर संगं कुठून असणार? दुसरा म्हणाला, "ताई, मूठभर हळद टाका रेडिएटरात, भोक बुजतंय बगा." तिसऱ्यानं मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ काढून माझ्या नाकासमोर धरला. चौथा नुसताच "अरारारा" करत उभा होता, आणि खरं सांगायचं तर चौघांत तोच बरा होता.

असल्या अर्धवटांचा मला मनापासून तिटकारा आहे. मी हायस्कूलात भूमिती शिकवते, त्यामुळं अर्धवट माहितीवर पूर्ण आवाज चढवणारी माणसं मला रोज भेटतात. पण शाळेतल्यांचं वय तरी लहान असतं. शिक्षकखोलीत दुसऱ्या दिवशी गाडीचा विषय निघाला, तर इतिहासाच्या सरांनी गाडी विकायचा सल्ला दिला आणि पीटीच्या सरांनी इंजिनात घालायची कसलीशी पावडर सांगितली. मी ऑइलची कांडी काढून बघितली होती. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. म्हणजे पाणी ऑइलात मिसळलं, म्हणजे हेड गॅस्केट गेलं. पावडर म्हणे! डोंबलाची पावडर!

मला हे कळतं, कारण माझी सगळी शाळा झाली ती उद्यमनगरात, आप्पांच्या शेडमध्ये, लोखंडाच्या चुऱ्यात गृहपाठ करत. आप्पा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: वाकलेली हेडं सरळ करायचं. इंजिनाच्या वरचं जड झाकण म्हणजे हेड. ते आणि खालचा ब्लॉक यांच्या मधे एक पातळ गॅस्केट असतं. गाडी तापली की हेड वाकतं, डोळ्याला दिसणार नाही इतकंच, पण तेवढ्या फटीतून पाणी, ऑइल, गॅस सगळं एकमेकांच्या घरात शिरतं. नुसतं नवीन गॅस्केट घालून भागत नाही. हेडाचा तळ मशीनवर घासून सपाट करावा लागतो. त्याला फेसिंग म्हणतात. घासायला माप असतं. जास्त घासलं की हेड पातळ होऊन भंगारात जातं, आणि एकदा काढलेला धातू परत चिकटवता येत नाही.

हेड सपाट झालं की नाही हे बघायला आप्पांकडं एक पोलादी पट्टी होती, हातभर लांबीची. ती हेडावर उभी ठेवायची आणि खालून फिलर, म्हणजे केसासारखी बारीक पत्र्याची पानं, सरकवून बघायची. पान आत गेलं की हेड वाकडं. उद्यमनगरात दोन मेकॅनिकांचं जुंपलं तर लोक म्हणायचे, "मिस्त्रीच्या पट्टीखाली घाला." आप्पांनी पट्टी टाकली की विषय संपायचा. पुढं आप्पांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं दोन-दोन शब्दांवर आलं. शेड बंद केली, मशीन विकलं. पट्टी तेवढी घरी आली.

तर गाडी. ती मी ओढून नेली आमच्या जुन्या ओळखीच्या एका गॅरेजात. तिथला मेकॅनिक पन्नाशीचा, आप्पांकडं वीसएक वर्षं हेडं घेऊन येणारा. एक पत्र्याचं छप्पर, दोन गाड्या मावतील एवढी जागा. कोपऱ्यावर वडापच्या, म्हणजे सीटमागं भाडं घेऊन गावोगाव माणसं नेणाऱ्या, जीपा थांबतात, त्यांच्याच कामावर त्याचं पोट. वडापवाले पाटी वाचून गाडी देत नाहीत. हा माणूस फसवत नाही, एवढं एकमेकांना सांगतात आणि देतात. त्याच्याकडं दुसरं काही भांडवल नव्हतं, आणि ते मला माहीत होतं.

माहीत असून मला तो आवडायचा नाही. गालात मावा, बोलताना तोंड आभाळाकडं, आणि प्रत्येक वाक्याला "काय काळजी करू नका." काळजी करू नका म्हणणाऱ्या माणसाची मला पहिल्यांदा काळजी वाटते. त्यानं हेड उतरवलं, मला दाखवलं आणि म्हणाला, "ताई, वाकलंय. फेसिंग करून आणतो. मंगळवारी बसवतो." मी मनात म्हटलं, आणतोस कुठला! काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर टाकून घासशील आणि मशीनवर काढलं म्हणून सांगशील. तसं करणारे मी लहानपणापासून बघितलेत. आप्पा त्यांना 'भांडी घासणारे' म्हणायचे.

म्हणून मंगळवारी शाळा सुटल्यावर मी आप्पांची पट्टी पिशवीत घालून गेले. गॅरेजात तेव्हा राधानगरी लाइनचा एक वडापवाला उभा होता, त्याच्या जीपचं इंजिन अर्धं खोललेलं. आणखी दोघं-तिघं बाकावर चहा घेत होते. माझं हेड फडक्यावर पालथं ठेवलेलं, चकाचक. मेकॅनिक म्हणाला, "झालं बगा ताई, आता गॅस्केट टाकायचं आणि बसवायचं." मी म्हटलं, "थांबा." पिशवीतून पट्टी काढली.

पट्टी बघून त्यानं हात पँटला पुसले. "आप्पांची न्हवं ही?"

"मग कुणाची असणार?"

मी पट्टी हेडावर लांबीत उभी ठेवली आणि मधोमध फिलर लावला. सगळ्यात बारीक पान सुळकन आत. त्याच्यापुढचं पान लावलं, तेही आत. एका कर्णावर ठेवली, तसंच. दुसऱ्या कर्णावर, तसंच. पट्टीची टोकं उलटसुलट करून बघितली, तरी मधे फट ती फटच. माझ्या अंगात जे काही संचारलं ते मी आज लाजून लपवत नाही, जसं होतं तसं सांगते. मला आनंद झाला. मी म्हटलं होतं तस्संच निघालं, याचा आनंद.

"हे फेसिंग?" मी म्हटलं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो तो आवाज.

"ताई, मशीनवरच काढलंय. नव्या कारखान्यात दिलतं."

"मग हे पान कसं गेलं? वाट चुकून? काचेवर घासलंत की नाही खरं सांगा. आमच्या आप्पांच्या जिवावर वीस वर्षं मिरवलात, ते पडले आणि लगेच भांडी घासायला लागलात होय! बाईमाणूस आहे, हिला काय कळतंय, असंच ना? अहो, तुम्ही नट ओळखायला शिकलात त्याच्या आधी मी फिलरची पानं मोजत होते."

तो पट्टीकडं बघत राहिला. मग खाली बसून स्वतः पान सरकवून बघितलं. त्याचा चेहरा पार उतरला. "असं कसं हुईल..." एवढंच म्हणाला, तेही माझ्याशी नाही. मला वाटलं, पकडला गेलाय, म्हणून तोंड पडलंय.

राधानगरीचा वडापवाला चहाचा कप ठेवून पुढं आला, पट्टीखालून वाकून बघितलं आणि म्हणाला, "भावा, माझं ऱ्हाऊ दे. मी बगतो दुसरीकडं." बाकावरच्यांनी एकमेकांकडं बघितलं. तासाभरात कोपऱ्यावरच्या सगळ्या जीपांत ही बातमी जाणार, हे मला दिसत होतं. मी पट्टी पुसून पिशवीत घातली आणि ताठ मानेनं निघाले.

घरी येऊन आप्पांना सगळं हौसेनं सांगितलं. त्यांच्या पट्टीनं आज कसा चोर पकडला, मी कसं तोंड उघडलं, त्यानं कसं मिटलं. आप्पा खुर्चीत होते. मला वाटलं, हसतील. त्यांनी विचारलं, "फट... कुठं?"

"मधे."

"कर्णावर?"

"तिथंही मधेच. जिथं ठेवाल तिथं. सगळीकडं सारखीच."

आप्पांनी डावा हात वर केला. म्हणजे गप्प. मग जमेल तसं, तुकड्या-तुकड्यानं म्हणाले, "सगळीकडं... सारखी फट... हेडाची... नसती. पट्टीची... असती."

मी म्हटलं, काहीतरीच काय. त्यांनी कपाटाच्या काचेकडं बोट दाखवलं. मी सरकती काच काढून टेबलावर आडवी ठेवली, तिच्यावर पट्टी उभी केली आणि मागं मोबाईलची बॅटरी लावली. दोन्ही टोकांना अंधार होता. मधे बोटभर लांब उजेडाची रेघ होती. पट्टीची टोकं उलटसुलट केली. रेघ तिथंच.

"कुणी... घासली?" आप्पा म्हणाले.

आता कुणी घासली! घरात आम्ही दोघंच. खंडेनवमीला उद्यमनगरात सगळी हत्यारं पुजतात. शेड होती तेव्हा मशीनला झेंडूची माळ, पान्यांना, व्हर्नियरला हळदकुंकू. शेड गेल्यावर पुजायला ही एकच पट्टी उरली, म्हणून दर वर्षी मी ती मापाची कड वर करून पाटावर मांडायची. मधोमध ओलं हळदकुंकू, वर फूल. दसऱ्यापर्यंत ते तसंच ठेवायचं, उचलायचं नाही. कुंकवाखाली गंज धरायचा. मग पुढच्या वर्षी पूजेच्या आधी मी तो गंज पॉलिश पेपरनं घासून काढायची, मधेच, जोर लावून. मागच्या वर्षी तर गंज निघेना, म्हणून गुजरीत, सराफांच्या गल्लीत, नेली. तिथं चांदीची भांडी उजळून देणारा एकजण आहे. त्याला म्हटलं, चांदीगत करून दे. त्यानं फिरत्या चाकावर धरली आणि खरंच चांदीगत करून दिली. तोंड दिसत होतं तिच्यात.

आप्पांनी एकदा सांगितलं होतं, पुसू नको, नुसतं तेल लाव. मी म्हटलं होतं, देवाची वस्तू आहे, गंजकी कशी ठेवायची? आणि मनात म्हटलं होतं, आता यांना काय कळतंय. चाळीस वर्षं ज्या माणसानं त्या पट्टीला हाताचा घामसुद्धा लागू दिला नाही, त्याला काय कळतंय! रस्त्यात हळद टाका म्हणणारा तो गडी माझ्यापेक्षा शहाणा. त्यानं फुकटची हळद सांगितली. मी हळदीनं चाळीस वर्षांची पट्टी खाल्ली.

"जा," आप्पा म्हणाले. "सांग... त्याला."

मी म्हटलं, उद्या जाते.

बुधवारी माझे चार तास होते, हे खरं. नंतर दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासायचे होते, हेही खरं. पण पाच वाजता मी रिकामी होते आणि गॅरेज वाटेवरच होतं. मी दुसऱ्या रस्त्यानं घरी आले. त्या बाकावर बसलेल्या माणसांसमोर मी काय म्हणणार होते? ज्यांना मी आयुष्यभर अडाणी समजत आले त्यांच्यासमोर आपण अडाणी ठरायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. मी स्वतःला समजावलं, हेड तर सरळच आहे, तो बसवून टाकेल, गाडी सुरू होईल, आपोआप मिटेल. भूमितीची बाई म्हणे! आपोआप काय मिटतं?

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "गेलतीस?"

"हो."

"सांगितलंस?"

"सांगितलं. त्यानं काही मनावर घेतलं नाही." हे दुसरं वाक्य त्यांनी मागितलंही नव्हतं. आप्पांनी मान हलवली आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. मी माझं ताट अर्ध्यावरच उचललं.

गुरुवारी गेले. न जाऊन करते काय? रात्रभर त्यांची ती मान माझ्या डोळ्यासमोर हलत होती. गॅरेजात शिरले तर राधानगरीची जीप नव्हती. दुसरीही कुठली गाडी नव्हती. बाकावर मात्र दोघं परवाचेच होते. मेकॅनिक मला बघून लगबगीनं उठला. आतून फडक्यात गुंडाळलेलं हेड आणून माझ्यासमोर ठेवलं, फडकं सोडलं.

"पट्टी आणलीयसा? टाका बगू आता."

मी म्हटलं, "मला आधी बोलायचंय."

"न्हाय, आधी माझं ऐका ताई. काल दुपारनं मी ह्ये परत नेलं. कारखानावाला म्हणालता, सरळ हाय, कशाला आणलंयस. मी म्हटलं, तुझं मशीन खोटं बोलंल, आप्पांची पट्टी खोटं बोलायची न्हाय. काढ अजून. त्यानं काढलं. मी म्हटलं, अजून एक हात काढ. भांडलो त्याच्याशी. आता म्हणतोय, मापाच्या खाली गेलं, लई पातळ झालं, ह्ये बसवू नको." त्यानं हेडावरून तळवा फिरवला. "मग गेलंच म्हणायचं ह्ये. काय काळजी करू नका, दुसरं हेड मी घालतो, माझ्याकडनं. राधानगरीवाल्यालाबी फोन करून सांगितलं, बाईंचं बरोबर हुतं, माझ्याकडनं चूक झाली म्हणून. तुमच्या आप्पांच्या पट्टीम्होरं मी कोण? वीस वर्षं तिच्यावर चाललोय."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण थांबले, आणि त्या दिवशी एवढी एकच गोष्ट माझ्या हातून बरी झाली. मी बाकाकडं तोंड केलं आणि मंगळवारच्याच आवाजात म्हणाले, "ऐका. यांचं हेड सरळ होतं. पहिल्याच फेसिंगला सरळ झालं होतं. वाकडी पट्टी आहे. मी ती घासून घासून वाकडी केली. यांनी कुणालाही फसवलेलं नाही. राधानगरीवाल्याला मी स्वतः जाऊन सांगते, कोपऱ्यावर सगळ्यांना सांगते."

बाकावरच्या एकानं जीभ चावली. दुसरा उगाच रस्त्याकडं बघायला लागला. मेकॅनिक हेडाकडं बघत होता. मी वाट बघत होते की आता हा मला शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या.

त्यानं हळूच विचारलं, "आप्पास्नी ठावं हाय, पट्टीचं?"

"हो. त्यांनीच ओळखलं."

"कवा?"

आज सकाळी, हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. आप्पांशी बोलताना जसं सहज आलं, तसंच सहज आलं असतं.

"परवा," मी म्हटलं. "मंगळवारी संध्याकाळी. मला त्यांनी लगेच तुमच्याकडं जायला सांगितलं होतं. आणि काल मी त्यांना सांगितलं की मी येऊन गेले."

त्यानं मान वर केली नाही. मंगळवारची संध्याकाळ, मग काल दुपार, हे तो मनात मांडत असणार. मग त्यानं हेडाखालचं फडकं चारी बाजूंनी वर घेतलं, नीट गाठ मारली आणि ते ओझं उचलून माझ्या हातात दिलं.

"घिऊन जावा," तो म्हणाला. "आप्पास्नी दाखवा."

मी ते मांडीवर घेऊन रिक्षानं घरी आले. आप्पा दाराकडं तोंड करून बसले होते. फडक्याचा आकार बघूनच त्यांनी ओळखलं आत काय आहे, आणि गाठ सोडायला डावा हात पुढं केला.